जुनी पंप ॲक्शन बारा बोर: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अप्पा सैन्यातून रिटायर झाल्यावर ठाण्यात बँकेत गार्ड होते, आणि त्या नोकरीसाठी १९९२ मध्ये त्यांनी सेकंडहँड विलायती पंप ॲक्शन बंदूक घेतली होती. आता ती माझ्या नावावर आहे. कळव्यातली एक बाई स्वतः बंदूक खोलून साफ करते हे पसरल्यापासून अप्पांचे गार्ड मित्र, त्यांची मुलं, सुना, कुणाकुणाचे जावई असे सगळे फोन करतात आणि तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. नंबर दिलेत म्हणजे एक गोष्ट दोनदा सांगायला नको.

१. ताई, पंप ॲक्शन म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे दुनळी होती, ती तर मधून मोडायची.

दुनळी मोडायची, दोन काडतुसं घालायची, संपली. पंपला नळी एकच, तिच्याखाली अजून एक नळी असते ती मॅगझिन, काडतुसं एकामागे एक तिथे बसतात. डाव्या हातातला लाकडी तुकडा म्हणजे फोरेंड, तो मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलला की नवीन आत. प्रत्येक बार काढल्यावर हाताने ओढावंच लागतं, आपोआप काही होत नाही. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी जाड तेवढी नळी, साधारण १८.५ मिलिमीटर. आपल्याकडे आयओएफची, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्यांची, पंप मिळते, बाकी जुन्या विलायती, विंचेस्टर, रेमिंग्टन, इथाका वगैरे.

२. कपाटातून काढलीय, भरलेली आहे का कसं बघू?

नळी रिकामी दिसली म्हणजे बंदूक रिकामी, ही दुनळीवाल्यांची सवय पंपमध्ये जीव घेईल. नळीत काही नसलं तरी मॅगझिनमध्ये काडतुसं असू शकतात आणि ती बाहेरून दिसत नाहीत. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, सेफ्टी लावा, फोरेंड पूर्ण मागे घ्या, मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे, नजर टाका आणि करंगळीही घालून बघा. खालच्या बाजूने मॅगझिनच्या तोंडात बघा, तिथे धातूची किंवा प्लॅस्टिकची टोपी, तिला फॉलोअर म्हणतात, ती दिसली पाहिजे. काडतुसाचं पितळ दिसलं तर भरलेली आहे. जमत नसेल तर हात लावू नका, लायसन्सवाल्या दुकानदाराला विचारा.

३. फोरेंड मागे जातच नाही, जाम झालीय. हातोडी मारू का?

नको! दहा फोनपैकी निम्मे याच प्रश्नाचे. पंपचा घोडा चढलेला असला की फोरेंड लॉक होतो, तशीच रचना आहे, बिघाड नाही. चापाच्या कडीच्या पुढे किंवा मागे एक छोटं बटण किंवा खिट्टी असते, ती दाबली की फोरेंड सुटतो. रिकामी आहे याची खात्री नाही तर ती भरलेलीच आहे असं धरून दाबा, म्हणजे तोंड सुरक्षित दिशेला आणि बोट चापापासून लांब. बटण दाबूनही हलत नसेल तर बहुतेक वेळा जुनं तेल आत डिंकासारखं सुकलेलं असतं (प्र. ११). एका काकांनी खरंच हातोडी मारून फोरेंड चिरला होता आणि मग बटण सापडलं.

४. वडील वारले, बंदूक घरीच आहे. लायसन्स त्यांच्या नावावर होतं. आता?

लायसन्स माणसाबरोबर जातं, बंदूक मागे राहते. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे (पुढे नुसतं कलम लिहिलंय ते याच कायद्याचं) ती विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. काडतुसंसुद्धा, मोजून. तेराव्याच्या गडबडीत हे कुणाला सुचत नाही हे मला माहितीये, आम्हालाही अप्पांच्या मित्राने आठवण केली म्हणून सुचलं. मग शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ खाली वारस म्हणून अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, जुनं लायसन्स, बाकी वारसांची हरकत नाही असं पत्र, तुमची पोलीस चौकशी, सगळं ओघाने आलं. माझ्या भावाने सही एका मिनिटात दिली, पण भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद असेल तर बंदूक डीलरकडे पडून राहते आणि भाडं चढत राहतं, असं पाहिलंय. वय २१ पूर्ण पाहिजे.

५. बाबा आहेत अजून, पण हात थरथरतात. जिवंतपणी माझ्या नावावर होईल का?

होऊ शकतं, आणि हाच रस्ता चांगला. लायसन्सधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक जवळ ठेवून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हापासून तो आपला कायदेशीर वारस सुचवू शकतो. तोच नियम २५. अर्ज मंजूर होईपर्यंत बंदूक बाबांचीच.

६. फायरिंग पिन तुटलीय, वीस वर्षं बंद आहे. भंगाराला लायसन्स कशाला?

लागतं. कायद्यात कलम ४५ मध्ये जुनाट किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण अट वाचा: दुरुस्ती करूनही वापरता येणार नाही असं पाहिजे. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाला मागून ठोकणारी सुई, गनस्मिथ (बंदूक दुरुस्त करणारा) दुपारच्या चहाआधी बनवून देतो, त्यामुळे तुमची बंद बंदूक कायद्याला बंदूकच आहे. भिंतीवर शोभेला टांगलेली तीही. विनापरवाना सापडली तर कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची कैद आहे.

७. मी ऐरोलीत राहतो, जिल्हा ठाणे. मग लायसन्सचं काम ठाण्याला ना?

जिल्हा नका बघू, पोलीस आयुक्तालय बघा. ऐरोली, वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात असले तरी नवी मुंबई आयुक्तालयात येतात, आणि पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात असूनही तिथेच. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, बदलापूर हे ठाणे आयुक्तालयात. मुरबाड, शहापूरच्या गावात राहत असाल तर जिल्हाधिकारी ऑफिस. कळव्यातून घणसोलीला घर बदललं, रिक्षाने पाऊण तासाचं अंतर, तरी लायसन्सिंग ऑथॉरिटी बदलते, दोन्हीकडे लगेच कळवा. लायसन्स पाच वर्षांचं असतं (आधी तीन होतं), रिन्यूअलला दोन महिने आधी लागा.

८. येऊरच्या पायथ्याशी घर आहे. कुणीतरी म्हणालं वनखात्याकडेही नोंद लागते. खरं का?

खरंय, आणि हे कुणालाच माहीत नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४: अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लायसन्सवाल्याने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नाव नोंदवायचं, आणि त्या पट्ट्यात नवीन लायसन्स त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय द्यायचं नाही. हेच कलम नॅशनल पार्कलाही लागू होतं. आता नकाशा उघडा. ठाणे शहराला संजय गांधी नॅशनल पार्क चिकटलेलं, ऐरोली-वाशीला खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य, पनवेलला कर्नाळा. राहिलं कोण? तुमच्या घरापर्यंतचं अंतर आणि वडिलांच्या वेळची नोंद आहे का, हे दोन्ही लायसन्स शाखेत आणि वनखात्यात विचारून लेखी घ्या.

९. दुरुस्तीतलं घरी काय करता येतं आणि दुकानात काय द्यायचं?

माझा हिशोब साधा आहे. साफसफाई, तेल, लाकडाला तेलपाणी, ढिले स्क्रू, दस्त्याच्या मागची रबरी गादी म्हणजे बटपॅड, हे घरी. ज्यात कानस, वेल्डिंग, लेथ किंवा ठोकाठोकी लागते ते सगळं दुकानात, आणि दुकान म्हणजे दुरुस्तीचं लायसन्स असलेलं दुकान, कलम ५ तेच सांगतं. ओळखीचा फॅब्रिकेटर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे नाही, बंदूक त्याच्या वर्कशॉपमध्ये सापडली तर तो आणि तुम्ही दोघं अडकाल. खोलताना प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढा आणि स्क्रू जुन्या मिठाईच्या डब्यात क्रमाने ठेवा. स्क्रूड्रायव्हर खाचेत घट्ट बसणाराच हवा, टेंभी नाक्यावरून आणलेला दहा-इन-वन सेट खाचा खाऊन टाकतो आणि मग ती बंदूक आयुष्यभर कुणीतरी अडाण्याने खोलल्यासारखी दिसते. मॅगझिनची पुढची टोपी काढताना तोंड बाजूला, आतली स्प्रिंग लांब असते आणि डोळ्यात येते.

१०. वडिलांना चालवत नाही, दुकानात बंदूक मी नेऊन देऊ का? लायसन्स माझं नाहीये.

कलम ३ मध्येच सोय आहे: लायसन्सधारकाच्या लेखी परवानगीने दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा रिन्यूअलसाठी बंदूक नेऊ शकतो. वडिलांच्या सहीचं तारीख आणि बंदुकीचा नंबर घातलेलं पत्र, मूळ लायसन्स बरोबर, बंदूक रिकामी आणि कव्हरमध्ये, काडतुसं घरी. सरळ घर ते दुकान, मधे मिसळ खायला थांबायचं नाही. आणि निघण्याआधी बघा की शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश चालू आहे का, सणासुदीला तो हमखास असतो. असेल तर आधी पोलीस स्टेशनला विचारा.

११. कुठलं तेल घालायचं? आमच्याकडे खोबरेल घालायचे.

म्हणूनच ती जाम झाली. खोबरेल थंडीत थिजतं, गोडंतेल आणि मोहरीचं तेल सुकून चिकट थर होतो, त्यात धूळ आणि जळक्या पावडरीची काजळी बसली की काळं डांबर. माझ्याकडे आलेल्या ‘बिघडलेल्या’ पंपांपैकी बऱ्याच फक्त घाण होत्या, पार्ट एकही तुटलेला नव्हता. केरोसीनने किंवा मिनरल टर्पेंटाईनने आतला भाग धुवा (गच्चीत किंवा खिडकी उघडून, गॅसपासून लांब), पूर्ण सुकवा, मग शिलाई मशीनचं तेल किंवा गन ऑइल, तेही थेंबभर. डब्ल्यूडी-४० पाणी हाकलायला चांगलं, पण त्यावर पावसाळा काढायचा विचार करू नका. फोरेंडपासून आत जाणाऱ्या दोन पट्ट्या, त्यांना ॲक्शन बार म्हणतात, आणि चेंबर मागून बंद करणारा बोल्ट जिथे घासतो त्या खाचा, एवढीच तेलाची खरी ठिकाणं. नळीत पितळी ब्रश, मग फ्लॅनेलची चिंधी गजाला लावून पांढरी निघेपर्यंत. फायरिंग पिनच्या भोकात तेल ओतू नका.

१२. नळीवर तांबूस गंज आलाय. पॉलिश पेपर मारू?

पॉलिश पेपर अजिबात नाही. सगळ्यात बारीक, चार शून्यवाली स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने, पुसायचं, परत तेल, परत घासायचं. तांबूस गंज वरवरचा असतो, निघतो, खाली काळपट निळा रंग बऱ्यापैकी शिल्लक राहतो. बोटाला खड्डे लागले तर तो गंज धातू खाऊन गेलाय. बाहेरचे खड्डे दिसायला वाईट, आतले जास्त गंभीर. नळी उजेडाकडे धरून बघा (प्र. २ करून, आणि शक्य असेल तर नळी सुटी काढून), आत कुठे गोल अंगठीसारखी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली असू शकते. अशी बंदूक गनस्मिथने बघेपर्यंत चालवायची नाही.

१३. पावसाळ्यात ठेवायची कशी? खाडीजवळ फ्लॅट आहे.

रेक्झिनच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये घालून कपाटाच्या तळाशी ठेवली की सप्टेंबरात लाल झालेली निघणारच, कव्हर ओल धरतं. कव्हर फक्त प्रवासाला. घरी कुलुपाच्या लोखंडी कपाटात, भिंतीला न टेकवता, तेलाचा हलका हात मारून, सोबत सिलिका जेल. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, गंजासाठी नाही. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी काढून पुसायची, मी एकादशीला पुसते म्हणजे विसरत नाही. घामाच्या बोटांचे ठसेसुद्धा दोन दिवसांत उमटतात. काडतुसं वेगळ्या कुलुपात.

१४. रंग उडालाय, नवीन ब्लूइंग करून चकचकीत करायचीय.

करा, पण माझी गोष्ट ऐका. एका दुकानात मी अप्पांची बंदूक रंगायला दिली, परत आली ती आरशासारखी आणि बॉडीवरचा नंबर बफिंगमध्ये अर्धा पुसलेला. दोन आकडे वाचताच येईनात. कलम ८ प्रमाणे ओळखीच्या खुणा पुसणं गुन्हा आहे आणि पुसट नंबरची बंदूक ज्याच्या हातात त्यालाच उत्तर द्यावं लागतं. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, शाईन बघा ना.’ लायसन्स शाखेला लेखी कळवणं, जुने फोटो देणं, तपासणी, यात माझे आठ महिने गेले. म्हणून देण्याआधी नंबर आणि नळीवरचे प्रूफ मार्क (चाचणीचे शिक्के) यांचे जवळून फोटो काढा, पावतीवर नंबर लिहून घ्या आणि ‘नंबरच्या जागी बफ लावायचा नाही’ हेही लिहून घ्या. खरं सांगू तर झिजलेला रंग राहू दिला तर काही बिघडत नाही.

१५. लाकडी दस्ता हलतोय, मानेपाशी बारीक चीर आहे.

बटपॅडचे दोन स्क्रू काढले की बहुतेक पंपांमध्ये दस्त्याच्या आत खोल एक लांब बोल्ट असतो, तो आवळला की हलणं जातं. चीर असेल तर आधी दुरुस्ती, कारण ढिला दस्ता प्रत्येक बार काढताना मागे आपटतो आणि चीर वाढत जाते. लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल, बोटाने, पातळ हात, चार-पाच दिवस सुकू देत. तेलाची चिंधी चुरगळून कचऱ्यात टाकू नका, जवसाची चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून टाका.

१६. ओढलं की कधी रिकामं आतच राहतं, कधी दोन काडतुसं एकदम येतात.

आधी स्वतःला तपासा. नवखे लोक फोरेंड अर्धाच ओढतात, मग काहीही होतं. पूर्ण आणि जोरात ओढूनही रिकामं आत राहत असेल तर रिकामं काडतूस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा झिजलाय किंवा त्याखाली काजळी आहे, किंवा चेंबर गंजून खरखरीत झालंय. दोन काडतुसं एकदम येणं म्हणजे त्यांना अडवणाऱ्या खिट्ट्यांची गडबड, हे दुकानाचं काम. काडतूस हळू सरकत असेल तर मॅगझिनच्या नळीला चेप आहे का ते बोट फिरवून बघा. हे सगळं तपासायला खरी काडतुसं घरात वापरायची नाहीत, डमी काडतुसं मिळतात.

१७. पार्ट बाहेरच्या वेबसाइटवर स्वस्त दिसतात. मागवू?

नाही. कायद्यात ‘शस्त्र’ म्हणजे त्याचे भागसुद्धा, आणि आयातीला वेगळं लायसन्स लागतं. पार्सल कस्टममध्ये अडकेल आणि तुमचं नाव त्याच्यावर असेल. चोर बाजारात मिळालेली सुटी नळी हाही तोच घोळ. गनस्मिथ पिन, स्प्रिंग हाताने बनवून देतात.

१८. नळी फार लांब आहे, थोडी कापली तर कपाटात मावेल.

कपाट मोठं घ्या. नळी छोटी करायला कलम ६ खाली वेगळं लायसन्स लागतं, आणि वीस इंचांपेक्षा कमी नळीची बारा बोर प्रतिबंधित वर्गात जाते.

१९. काडतूस बसलं म्हणजे चालतं ना?

इथेच घात होतो. खोक्यावर लिहिलेली लांबी उडाल्यानंतरची असते, तोंडाची घडी उघडलेल्या काडतुसाची. त्यामुळे ७० मिलिमीटरचं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, पण उडताना घडी उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते, ती बघा. अगदी सुरुवातीच्या विंचेस्टर १८९७ मॉडेलची चेंबर तर २ पूर्णांक ५/८ इंचांची होती, वरच्या दोन्ही आकड्यांशी न जुळणारी. खूण दिसत नसेल तर गनस्मिथकडून मोजून घ्या. दुसरं, घरात २० बोरही असेल तर तिची काडतुसं एका डब्यात कधीच नको: २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, दिसत नाही, मागून १२ चं घालून चाप ओढला की नळी फुटते. अप्पांच्या वेळची कागदी काडतुसं दमट हवेत फुगतात, ती परत डीलरकडे. नवीन घेताना लायसन्सवर लिहिलेले दोन आकडे पाळा, एका वेळी किती आणि वर्षाला किती.

२०. चाप दाबून धरला आणि नुसतं पंप केलं तर फुटते म्हणे?

काही जुन्या मॉडेलमध्ये हो. विंचेस्टर १८९७, विंचेस्टर मॉडेल १२, जुनी इथाका ३७, यांना चाप सुटा करणारा भाग नाही. चाप दाबलेला असेल तर फोरेंड पुढे बसताक्षणी बार होतो. रेमिंग्टन ८७० सारख्या नंतरच्या बंदुकांत तसं होत नाही. हा दोष नाही, पण बोट चापावर ठेवून पंप मारायची सवय असेल तर ती बंदूक तुमच्यासाठी नाही.

२१. चालवायची कुठे? ट्रॅप शूटिंगला नेली तर?

शिकार विसराच, आणि येऊर किंवा कर्नाळ्यात बंदूक घेऊन परवानगीशिवाय शिरणंसुद्धा गुन्हा आहे. लग्नात, दहीहंडीत हवेत बार काढले तर कलम २५ मधली २०१९ ची भर: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. राहिली रेंज. तिथे आधी विचारा, कारण आंतरराष्ट्रीय शॉटगन स्पर्धांच्या नियमात सेमी-ऑटोमॅटिक चालते पण पंप ॲक्शन स्पष्ट शब्दांत वगळलीय.

२२. आजोबांची दुनळी, वडिलांची पंप आणि माझं रिव्हॉल्व्हर. तिन्ही ठेवू?

दोनच. २०१९ च्या दुरुस्तीने तीनचे दोन झाले आणि वारसाहक्काने आलेलीही त्यातच मोजतात. एक विकावी लागेल. ती लायसन्सवाल्यालाच, आणि खासगी विकताना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं.

२३. इलेक्शन आलं की बंदूक जमा करायला सांगतात. दर वेळी द्यायचीच का?

आचारसंहितेत स्क्रीनिंग कमिटी ठरवते कुणाची जमा करायची. बँकेत गार्ड असाल तर नोकरीचं पत्र देऊन सूट मागा, अप्पांना ती मिळायची. नोटीस आली तर मात्र वाद घालत बसू नका, द्या. पावतीवर नंबर स्वतः ताडून बघा आणि देण्याआधी नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात मारा, नळीतही, कारण तिकडे ती कशाला टेकून उभी असेल ते आपल्या हातात नाही. मागच्या वेळी माझी परत आली तेव्हा फोरेंडच्या खाचेत कोळ्याने जाळं केलं होतं, तरी गंजाचा एक ठिपका नव्हता.